किरकोळ बिघाड आणि संगणकाचा सल्ला

रब्बीच्या ऐन हंगामात डीपी जळते आणि वाशीम जिल्ह्यातील एखाद्या गावाचा हरभरा पाण्यावाचून सुकू लागतो, तेव्हा गावकरी एकच गोष्ट सांगतात : ठिणग्या आधीपासून पडत होत्या. दिसलेले नोंदले गेले नाही, किंवा नोंदलेले कोणी वाचले नाही. वाशीमची डीपी आणि तारापूरची अणुभट्टी यांच्या धोक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु किरकोळ बिघाडाकडे पाहण्याचा न्याय दोन्हीकडे एकच आहे.

अणुवीज केंद्रात बिघाड झाला की नियंत्रण कक्षात एकाच वेळी अनेक इशारे वाजू लागतात. त्यांतील मूळ कारण कोणते आणि परिणाम कोणते, हे निवडून पुढे काय करावे याचा सल्ला देणाऱ्या संगणक प्रणाली आता तयार झाल्या आहेत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा प्रणालींवर काम झाले आहे. या प्रयत्नांचे स्वागतच केले पाहिजे. यंत्राला विरोध म्हणजे समाजवाद नव्हे. प्रश्न असा, की या यंत्राला शहाणपण कोठून येणार?

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे 28 मार्च 1979 रोजी एक झडप उघडीच अडकली. फलकावरील दिव्यावरून मात्र ती मिटल्याचा समज झाला. वस्तुतः तो दिवा फक्त मिटण्याची आज्ञा गेल्याचे दाखवीत होता. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे वाजले. संगणक तेथेही होता. पण त्याची छपाई दोन तासांहून अधिक मागे पडली. कामगारांनी गैरसमजुतीने गाभ्याला मिळणारे पाणी कमी केले आणि गाभ्याचा सुमारे अर्धा भाग वितळला.

याहून महत्त्वाची घटना त्याआधीची आहे. सप्टेंबर 1977 मध्ये ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अशीच अडकली होती आणि तेथेही पाणी असेच कमी करण्यात आले होते. भट्टी अल्प शक्तीवर चालू होती आणि सुमारे वीस मिनिटांत चूक उमगली, म्हणून अनर्थ टळला. दोन्ही भट्ट्या एकाच कंपनीच्या होत्या. कंपनीतील अभियंत्यांनी लेखी इशारे दिले. ते थ्री माइल आयलंडच्या कामगारांपर्यंत पोहोचले नाहीत. किरकोळ ठरवून फायलीत गाडलेली घटना अठरा महिन्यांनी महाअपघात होऊन परतली.

संगणकाचे ज्ञान अशाच नोंदींवर पोसले जाते. नोंदी दडविल्या तर यंत्रही अडाणीच राहणार. आणि अडाणी यंत्राचा आत्मविश्वास अडाणी माणसापेक्षा अधिक घातक असतो.

शिवाय यंत्र निकामी होण्याचा प्रसंगही येतो. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबली जळाल्या आणि केंद्राचा वीजपुरवठा कित्येक तास बंद पडला. नियंत्रण कक्ष धुराने भरला. त्या अंधारात कामगारांनी हातातील बॅटरीच्या उजेडात वर चढून झडपा उघडल्या आणि बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. तेथे कोणताही पडदा सल्ला देऊ शकला नसता. प्रशिक्षित, निर्भय माणूस हीच अखेरची सुरक्षा होती.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने अणुवीज क्षेत्राची दारे खासगी भांडवलाला खुली केली. बंद भट्टीचा प्रत्येक तास हा ज्यांच्या हिशेबात तोटा असतो, त्यांना लहान बिघाड लहानच ठेवण्याचा मोह होणार. उद्या अपघात झाल्यास ‘संगणकाने सांगितले तसे केले नाही’ म्हणून दोष पाळीवरील कामगाराच्या माथी मारला जाईल; आणि त्या संगणकाचे नियम मात्र व्यापारी गुपित म्हणून झाकले जातील.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक किरकोळ घटनेचा अहवाल मराठीतून तारापूर परिसरातील ग्रामपंचायतींना मिळावा. स्वतःची चूक कळविणाऱ्या कामगाराला, मग तो कंत्राटी का असेना, संरक्षण असावे. संगणकाचा सल्ला आणि कामगाराचा निर्णय दोन्ही नोंदले जावेत, आणि भट्टी थांबविण्याच्या अधिकाराबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये.

वाशीमच्या कार्यकर्त्याने हा प्रश्न दूरचा मानू नये. त्याच्या घरातील दिवा ज्या जाळ्यावर पेटतो, त्यातच तारापूरची वीज मिसळते. डीपीच्या ठिणग्यांची नोंद मागणारा शेतकरी आणि भट्टीच्या बिघाडाची नोंद मागणारा कामगार यांचा लढा एकच आहे.