समुद्रावरचें बिऱ्हाड

प्रवासासंबंधीं आमच्याकडे जीं पत्रें येतात त्यांत बहुधा थंडीचे कपडे, पथ्याचें खाणें किंवा म्हाताऱ्या माणसांचीं औषधें यांविषयीं विचारणा असते. गेल्या महिन्यांत मात्र एका वाचक गृहस्थांचें जें पत्र आलें, त्यांत प्रश्न जहाजावरील खोलीचा असला, तरी खरा पेंच घरचा आहे असें आम्हांस वाटलें. म्हणून त्याचें उत्तर खासगी रीतीनें न देतां येथेंच देत आहों.

गृहस्थ पुण्याचे, त्यांचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त न्यू जर्सींत असतात. वडिलांचें सहस्रचंद्रदर्शन नुकतेंच पार पडलें. त्या निमित्तानें सर्व कुटुंबानें मियामीहून निघणाऱ्या एका प्रचंड जहाजानें कॅरिबियन समुद्रांत सात दिवस फिरून यावें असा बेत ठरला आहे. मंडळी अकरा: आई, वडील, वडिलांच्या धाकट्या भगिनी, दोघे बंधु, दोघी सुना आणि चार नातवंडें. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, आईवडिलांसाठीं अगदीं वरच्या मजल्यावरील 'स्वीट' घ्यावा. जन्मभर त्यांनीं आमच्यासाठीं खस्ता खाल्ल्या, आतां तरी त्यांना थाटानें नेऊं. धाकट्यांचें म्हणणें, तेवढ्या पैशांत सगळ्यांच्या चांगल्या साध्या खोल्या होतील. वडील एवढेंच म्हणतात, "अरे, जेवायला सगळे एकत्र असूं ना? मग मला कोठेंही निजवा." पत्राच्या अखेरीस एक ओळ आहे: 'आत्याची एखाद्या आंतल्या खोलींत सोय होईल, तिचा प्रश्न नाहीं.' या शेवटच्या ओळीकडे आपण मागाहून येऊं.

प्रथम जहाजाची कल्पना करून घेतली पाहिजे. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां समुद्रगमन हाच आपल्या समाजांत मोठ्या वादाचा विषय होता, आणि आगबोट हें कोठें तरी पोंचण्याचें साधन होतें. आजच्या क्रूझ जहाजाचें तसें नाहीं. तें दोनचार बंदरें दाखवून बहुधा निघालें तेथेंच परत येतें. वाहन तेंच आणि बिऱ्हाडही तेंच. २०२४ च्या जानेवारींत मियामीहून फेऱ्या सुरू केलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाची लांबी सुमारें ३६५ मीटर असून त्यास वीस मजले आहेत. एका खोलींत दोघे या हिशेबानें ५,६१०, आणि पुरतें भरल्यास ७,६०० उतारू त्यांत मावतात. १९१२ सालीं बुडालेलें 'टायटॅनिक' ४६,३२९ टनांचें होतें. हें २,४८,६६३ टनांचें, म्हणजे पांचपटींहूनही मोठें आहे. हे टन वजनाचे नव्हेत, आंतील जागेच्या मापाचे होत. थोडक्यांत, हें पाण्यावर तरंगणारें एक गांवच. आणि गांव म्हटलें कीं वाडे आले तशा चाळीही आल्या.

या गांवांत खोल्यांचे सामान्यतः चार प्रकार असतात. पहिली आंतली खोली. तिला खिडकी नसते. क्षेत्रफळ सुमारें दीडशें चौरस फूट, म्हणजे मुंबईच्या चाळींतील दहा बाय पंधराची एक खोली, आणि न्हाणीघर त्यांतच. दुसरी खिडकीची. तींतून समुद्र दिसतो, पण खिडकी उघडत नाहीं. शिवाय कांहीं खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, तेव्हां लाटांऐवजीं होडीचें पोट पाहात बसावें लागतें. तिसरी सज्जाची, कांचेचें दार सरकविलें कीं बाहेर दोन खुर्च्यांपुरती मोकळी जागा आणि समुद्राचा वारा. चौथा प्रकार स्वीट. यांत बसण्याउठण्यास निराळी जागा, मोठें न्हाणीघर व ऐसपैस सज्जा असतो. लहान स्वीट साध्या खोलीच्या दीडपट-दुप्पट असतो. मोठ्यास तर सीमाच नाहीं. 'आयकॉन'वर एक तीन मजली घरच बांधलेलें असून मुलांना वरून खालीं येण्यास त्यांत घसरगुंडी आहे!

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सज्जा ही एके काळीं केवळ धनिकांची चैन होती. १९८४ सालच्या 'रॉयल प्रिन्सेस' जहाजावर सर्वच खोल्या बाहेरच्या अंगास ठेवण्यांत आल्या, आणि पुढें हळूहळू सज्जा मध्यम स्थितींतील उतारूच्याही आटोक्यांत आला. तेव्हां 'स्वीट नाहीं म्हणजे कोंदट खोली' ही समजूत आतां खरी नाहीं. साधी खोली घेऊनही समुद्र पाहात सकाळचा चहा घेतां येतो.

आतां वृद्धांच्या सोयीचा विचार करूं. स्वीट बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. तेथून देखावा उत्तम दिसतो यांत शंका नाहीं. परंतु समुद्र खवळला म्हणजे जहाजाची हालचालही तेथेंच अधिक जाणवते. घरच्या झोपाळ्याची गोष्ट घ्या. कडीजवळ हात धरला तर तो जेमतेम हलतो. फळीवर बसणारा मात्र चांगला हिंदकळतो. जहाजाचेंही तसेंच आहे. त्याच्या मध्यापासून जो जितका दूर, मग तो उंच मजल्यावर असो किंवा पुढच्या-मागच्या टोंकास असो, त्यास तितके झोके अधिक. जहाजाच्या दोन्ही अंगांस पाण्याखालीं माशाच्या परांसारखे पंख बाहेर काढतां येतात. त्यांमुळें एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुकणें पुष्कळ कमी होतें, पण पुढचें टोंक वर-खालीं होणें त्यांनीं थांबत नाहीं. म्हणून ज्यांस मळमळीची भीति आहे त्यांनीं लांबीच्या मध्यभागीं व बेताच्या उंचीवर खोली घ्यावी. आमच्या गृहस्थांनीं पसंत केलेला स्वीट सर्वांत वर आणि अगदीं पुढच्या टोंकास आहे, हें त्यांनींच पाठविलेल्या नकाशावरून दिसतें!

हा मजलावार नकाशा कंपन्या प्रसिद्ध करितात; तो वधूवरांच्या पत्रिकेइतक्या लक्षानें पाहावा. खोलीच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहांटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. पायाखालीं नाट्यगृह असेल तर रात्रीं उशिरांपर्यंत ढोल. जिच्या वरही खोल्याच आणि खालींही खोल्याच, ती खोली निजण्यास उत्तम. उद्वाहक जवळ आहे कीं नाहीं हेंही पाहावें, कारण तीनशें मीटरांहून लांब जहाजावर जेवणास जाऊन येणें हाच म्हाताऱ्या गुडघ्यांस मोठा प्रवास होतो. कित्येक जहाजांवर न्हाणीघराच्या दारास उंच उंबरठा असतो, आणि महाग खोली घेतली म्हणजे तो जातो असें नाहीं. उंबरठा नसलेल्या, रुंद दारांच्या व भिंतीस आधाराच्या दांड्या बसविलेल्या खोल्या अपंगांसाठीं निराळ्या राखलेल्या असतात. त्या साध्या वर्गांतही मिळतात, पण थोड्या असल्यानें आधीं मागाव्या लागतात. चाकाच्या खुर्चीची मदतही अगोदर कळविल्यास वर्ग न पाहतां मिळते.

मग स्वीटच्या वाढीव भाड्यांत मिळतें तरी काय? जागा तर मिळतेच. पण त्याखेरीज मान मिळतो. जहाजावर आधीं चढावयास मिळतें, बंदर लहान असून होडीनें उतरावें लागलें तर पुष्कळ ठिकाणीं आधीं उतरावयास मिळतें, दिमतीस सेवक असतो, आणि मुख्य म्हणजे कित्येक जहाजांवर भोजनगृह निराळें असतें. २००४ सालीं सेवेंत आलेल्या 'क्वीन मेरी २' वर खोलीच्या वर्गावरूनच भोजनगृह ठरतें: क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल, आणि बाकीच्यांस ब्रिटानिया. २००८ सालच्या 'एमएससी फँटासिया'पासून त्या कंपनीनें 'यॉट क्लब' नांवाचा एक भागच वेगळा काढला. त्याचें भोजनगृह व बैठकीची जागा तेथील उतारूंपुरतीच. या व्यवस्थेंत वरचा मनुष्य खालीं येऊन सर्वसाधारण भोजनगृहांत जेवूं शकतो, खालच्यास मात्र वर जातां येत नाहीं.

आमच्या मतें सगळा निर्णय या एका वाक्यांत आहे. वडील वरच्या भोजनगृहांत जेवतील तर नातवंडें त्यांच्या पानाशेजारीं नसतील; आणि ते रोज खालीं उतरून सगळ्यांबरोबर जेवतील, तर ज्या मानासाठीं एवढें द्रव्य मोजलें तो मान वर रिकामाच बसून राहील. कोंकणच्या आगबोटींतून ज्यांनीं प्रवास केला त्यांना डेकवर वळकट्या पसरून, दशम्यांचें गाठोडें सोडून सगळी मंडळी गोल बसत, हें आठवत असेल. त्या प्रवासांत हाल पुष्कळ होते, पण पंगत एक होती. वडिलांनीं मागितली ती तेवढीच वस्तु आहे, आणि ती स्वीटच्या भाड्यानें विकत मिळत नाहीं.

प्राणरक्षणाच्या बाबतींत मात्र वर्गाचा भेद आतां राहिला नाहीं, ही समाधानाची गोष्ट होय. 'टायटॅनिक'वरील पहिल्या वर्गाच्या जवळजवळ सर्व स्त्रिया वांचल्या. तिसऱ्या वर्गाच्या निम्म्याही वांचल्या नाहींत. २०१२ च्या जानेवारींत इटलीच्या किनाऱ्याशीं 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडून ३२ माणसें दगावलीं. त्यानंतर नियम कडक होऊन, २०१५ पासून नव्या उतारूंस संकटप्रसंगींची तालीम जहाज निघण्यापूर्वीं किंवा निघतांच द्यावी लागते. ती स्वीटवाल्यांसही चुकत नाहीं. तसेंच आगीच्या भीतीस्तव मेणबत्ती, उदबत्ती व निरांजन यांस खोल्यांत बंदी असते. सांजवात लावावयाची ती मनांतच, मग खोली कोणतीही असो.

स्वीट सर्वथा व्यर्थ असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या वृद्धास दिवसाचा बराच वेळ खोलींतच काढावयाचा आहे, किंवा ज्या घरीं आजारी माणसाजवळ कोणी तरी सतत बसावें लागतें, त्यांना ती निराळी बैठक व मोठें न्हाणीघर खरोखर उपयोगी पडतें. पण मग तो स्वीट मध्यभागीं असावा, आणि त्याची बैठक ही सर्व मंडळींची ओसरी व्हावी. केवळ 'वडिलांना वरच्या वर्गानें नेलें' असें चार लोकांत म्हणतां यावें, एवढ्यासाठीं तो घेऊं नये.

आतां ती शेवटची ओळ. 'आत्याचा प्रश्न नाहीं.' आमच्या मतें प्रश्न असेल तर तो आत्याबाईंचाच आहे. आंतल्या खोलींत दिवा मालवला कीं मध्यरात्र आणि मध्यान्ह सारखींच. आमच्या मातोश्रींस एका प्रवासांत आम्हीं अशीच खोली दिली होती. दुसऱ्या रात्रीं त्या जाग्या झाल्या. काळोखांत दार कोणत्या अंगास तें उमजेना. भिंती चांचपीत त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. सकाळीं त्यांनीं हें हंसत हंसत सांगितलें. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. पैसे वांचविले ते आम्हीं, आणि किंमत दिली ती त्यांनीं. तरुण मुलांस आंतली खोली उत्तम; तीं निजण्यापुरतींच तेथें येणार. शहात्तर वर्षांच्या एकट्या बाईस ती देऊं नये. पुन्हां यांत फारशी बचतही नाहीं, कारण भाडें एका खोलींत दोघे धरून माणशीं आकारलेलें असतें. एकट्या माणसास बहुधा जवळजवळ दोघांचें द्यावें लागतें.

तेव्हां आमची सूचना अशी. मध्यभागीं, उद्वाहकाजवळ, एकाच मजल्यावर लगतच्या चार सज्जाच्या खोल्या घ्याव्या. एकींत आईवडील. शेजारींच, शक्य तर मधल्या दारानें जोडलेल्या खोलींत, आत्याबाई व थोरली नात. उरलेल्या दोहोंत एकींत थोरले बंधु, वहिनी व त्यांचा मुलगा, आणि दुसरींत धाकटे, त्यांची पत्नी व दोघें लहान मुलें; तिसऱ्या-चौथ्या बिछान्याचें भाडें पुष्कळदां कमी पडतें. भोजनगृहांत अकरा जणांचें मेज व शाकाहारी जेवण आधींच लिहून मागावें. बक्षिसी रोज माणशीं आकारतात व स्वीटवाल्यांस ती कित्येक कंपन्यांत अधिक असते, हेंही हिशेबांत धरावें. ज्यांस समुद्राचा मुळींच सराव नाहीं त्यांनीं जवळची लहानशी फेरी आधीं करून पाहावी. २०२१ सालीं 'कॉर्डेलिया'च्या 'एम्प्रेस'नें मुंबईहून अशा फेऱ्या सुरू केल्या. तें जहाज १९९० सालचें असल्यानें त्यावर आंतल्या व खिडकीच्या खोल्याच अधिक आहेत; पण आपल्यास झोके सोसतात कीं नाहीं, हें समजण्यास तेवढें पुरे.

थोरल्या बंधूंची पितृभक्ति आम्हांस लहान वाटत नाहीं. परंतु त्यांच्याच पत्रांत वर लिहिलें आहे कीं, लहानपणीं आम्हां दोघांचे अभ्यास आत्यानें घेतले. तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं त्यांनीं एवढें करावें: तो नकाशा घेऊन आत्याबाईंपुढें बसावें, आणि त्यांस कोणती खोली आवडते तें विचारावें. त्या प्रथम 'मला काय, कोठेंही चालेल' असेंच म्हणतील. तेव्हां उठून न जातां पुन्हां एकदां विचारावें.