पोस्टर मुलांचं राहू द्या, त्याचा फ्लेक्स करू नका



कितीतरी शाळांत मुलं आता मोबाईलवर छोटे लघुपट करतात. गोष्ट त्यांची, अभिनय त्यांचा, चित्रीकरणही त्यांचंच. पण गॅदरिंगसाठी पोस्टर करायची वेळ आली की आपण मोठी माणसं पुढे सरसावतो. मुलांचा कागद बाजूला पडतो आणि डिझाईन डीटीपीवाल्याकडे जातं. वर मान्यवरांचे गोल फोटो, कडेला सोनेरी झालर, खाली 'सहर्ष सादर करीत आहोत'. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आणि आपलं पोस्टर यांत फरक उरत नाही. ज्यांनी लघुपट केला त्यांची नावं मात्र शोधावी लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. पोस्टर सुधारायलाच हवं, पण हात मुलांचा हवा. आपण फक्त प्रश्न विचारायचे. आधी काय वाचलं जावं, काय गाळावं, हे ठरवणं हा भाषेचाच तास आहे.

समजा, मुलांनी पाणीटंचाईवर 'हंडा' नावाचा लघुपट केला. पहिल्या कच्च्या पोस्टरवर विहीर, रांग, सूर्य, टँकर, सगळंच असणार. विचारा, "एकच चित्र ठेवायचं तर कोणतं?" मुलं भांडतील, भांडू द्या. शेवटी रिकामा हंडा उरला, तर भोवतीची जागा मोकळी ठेवायला सांगा. ती जागा वाया जात नाही, तिच्यामुळेच हंडा दिसतो.

मग अक्षरं. एका पोस्टरवर दोनच फॉन्ट पुरेत, एक शीर्षकाला आणि एक बाकी मजकुराला. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्ता' आणि 'बालू' हे फॉन्ट मोफत मिळतात. फॉन्ट निवडण्याआधी 'शाळा, लाल, दुसऱ्या' हे शब्द टाईप करून बघा. काही फॉन्टमध्ये 'ऱ्या' नीट उमटत नाही, काहींत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या शासनाने 2009 मध्ये देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवला आहे. पुस्तकात एक वळण आणि भिंतीवर दुसरं, असं कशाला?

इंग्रजी पोस्टरसारखी अक्षरं लांब लांब पसरवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. शीर्षक मुलांनी हाताने लिहिलं तर फारच छान! कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. त्यांच्या 'कल्याण खजिना' या 1924 च्या चित्रपटाचं पोस्टर आजही अभ्यासलं जातं.

शेवटी एक सोपी चाचणी. पोस्टर व्हरांड्यात लावा आणि तिसरीतल्या मुलाला दहा पावलांवर उभं करा. त्याला शीर्षक वाचता आलं पाहिजे. आलं नाही, तर पोस्टर पुन्हा गटाकडे द्या. कारण त्यांनाच शोधू द्या.

पालकांनो, घरी लॅपटॉपवर रात्रीतून 'प्रोफेशनल' पोस्टर करून पाठवू नका. तुमचं पोस्टर देखणं असेल, पण "आमचं चुकलं कुठे?" हे मुलांना त्यातून कळत नाही. आणि शिक्षकांनो, मान्यवरांची नावं निमंत्रणपत्रिकेवर घ्या. पोस्टरवर मुलांची नावं येऊ द्या, आजीला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत.