पाडव्याचा झेंडू आत्ताच लावायचा, पण गिऱ्हाईक ठरवून

संक्रांत झाली. आता २५ जानेवारीच्या रथसप्तमीपर्यंत कल्याण, डोंबिवली, ठाण्यात घरोघरी हळदीकुंकू चालणार. एकेका घरी तीस-चाळीस बायका, प्रत्येकीला वाण, गजरा, फूल. पैसा भरपूर फिरतोय, पण शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती येतं? वाणात प्लास्टिकचे डबे आणि दाराला प्लास्टिकचं तोरण. ते तोरण एकदा घेतलं की तीन-चार वर्षं झेंडू घ्यायची गरज नाही.

१ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर देशात बंदी आली, पण त्या यादीत प्लास्टिकची फुलं नव्हती. जुलै २०२५ मध्ये फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी विधानसभेत या फुलांवर बंदी आणू असं सांगितलं. चांगलं झालं. पण घोषणेच्या भरवशावर कुणी रोपं लावू नयेत.

आपलं खरं दुखणं वेगळं आहे. सणाच्या आदल्या दिवशी पुणे, नगर, नाशिककडचा माल आणि आपला माल एकाच पहाटे बाजारात उतरतो. सकाळी भाव असतो, दुपारी कोसळतो. फूल नाशवंत, परत आणून ठेवणार कुठं? मी स्वतः एका दसऱ्याला दोन क्रेट झेंडू रस्त्याकडेला ओतून आलोय. गाडीभाडंसुद्धा निघालं नाही.

आता हिशेब बघा. यंदा पाडवा १९ मार्चला आहे. झेंडूचं रोप लावल्यापासून तोडा सुरू व्हायला साधारण दोन महिने लागतात. म्हणजे लागवड याच आठवड्यात. मार्चपर्यंत विहिरीला पाणी टिकणार असेल तरच हात घाला. भातसा, तानसा आपल्या तालुक्यात असली तरी ते पाणी मुंबईला जातं, हे सांगायला नको.

आणि लावण्याआधी गिऱ्हाईक ठरवा. डोंबिवलीत पाडव्याची शोभायात्रा गेली पंचवीसेक वर्षं निघते. गुढी तर घरोघरी. त्यासाठी झेंडू, आंब्याचे टाळे, कडुलिंब, बांबूची काठी लागतेच. कसारा-आसनगावकडच्या आदिवासी बायका पहाटेच्या लोकलनं टाळे घेऊन कल्याण स्टेशनबाहेर बसतात. तोच माल एकत्र बांधून सोसायटीच्या गेटवर गेला तर? शंभर घरांची सोसायटी असेल तर व्हॉट्सअॅपवर आधी नावं घ्या, थोडी रक्कम आगाऊ घ्या, मगच तोडा करा. सगळा माल असा जाणार नाही. निम्मा गेला तरी बाजारातला फटका निम्मा.

वाणाचंही तसंच. माझी बहीण डोंबिवलीत असते. गेल्या संक्रांतीला तिनं डब्यांऐवजी आमच्याकडचं नाचणीचं पीठ वाण म्हणून दिलं, अर्धा-अर्धा किलो. नंतर तिघींचे फोन आले, अजून मिळेल का म्हणून. प्लास्टिकच्या डब्यासाठी कुणी परत फोन करत नाही.

रथसप्तमीला अजून दिवस आहेत. शहरात आपलं कुणी ना कुणी आहेच, बहीण, मेहुणा, मित्र. रोपं आणायला निघण्याआधी त्यांना एक फोन करा.