वर ऊन, खाली पंखा बंद!

मे महिन्यातली दुपार. सोलापूरचं ऊन काय असतं, ते सोलापूरकरांना सांगायला नको. मी सुट्टीत घरी आले होते. जेवणं आटोपून सगळे हॉलमध्ये आडवे झालो आणि लाईट गेली. बाबा मात्र निवांत. "आपल्याला काय फरक पडतो? आपलं सोलर आहे," म्हणत ते मीटरपाशी गेले आणि पाच मिनिटांनी घामाघूम होऊन परत आले. पंखा काही फिरेना. आजी म्हणाली, "वर एवढं ऊन पडलंय आणि खाली पंखा बंद? मग हे कशाला बसवलंत रे?"

बाबांनी सोलर बसवणाऱ्याला फोन लावला. तिकडून थंड उत्तर आलं, "काका, तुमचं ऑन-ग्रिड आहे ना! लाईट गेली की तेही बंद होणार."

हे वाक्य गच्चीवर पॅनल चढण्याआधी ऐकायला मिळालं असतं तर? कारण 'आता सोलर आलंय' म्हणून बाबांनी जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी आधीच विकून टाकली होती. त्या दुपारी आजीला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं. त्यांच्याकडे सोलर नाही, पण इन्व्हर्टर आहे!

आमची फसवणूक झाली का? कागदावर तरी नाही. कोटेशनवर 'ऑन-ग्रिड' असं स्वच्छ छापलं होतं. त्याचा अर्थ घरात कुणालाच माहीत नव्हता आणि कुणी सांगितलाही नाही. बरं, ऑनलाइन अर्ज भरला कुणी? मी. वीजबिल अपलोड करणारी, ओटीपी टाकणारी मीच. मोबाईल घ्यायचा तर आपण दहा रिव्ह्यू बघतो आणि पंचवीस वर्षं गच्चीवर राहणाऱ्या वस्तूबद्दल एक प्रश्नही विचारत नाही. म्हणून हा लेख खास माझ्या वयाच्या मंडळींसाठी.

तर सोलरचे मुख्य प्रकार तीन. पहिला ऑन-ग्रिड. यात बॅटरी नसते. पॅनलची वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली वीज कंपनीच्या लाईनमध्ये जाते. रात्री आपण लाईनमधून वीज घेतो. दिलेली आणि घेतलेली वीज नेट मीटर मोजतो आणि बिल त्या हिशोबाने येतं. दुसरा ऑफ-ग्रिड. पॅनल, बॅटरी आणि घर, बाहेरच्या लाईनशी संबंधच नाही. जिथे वीज पोचलेली नाही अशा वाडी-वस्तीवर किंवा शेतातल्या घरी हाच उपयोगाचा. तिसरा हायब्रिड. लाईनही आहे आणि बॅटरीही. लाईट गेली की बॅटरी आणि पॅनलवर घरातली ठरावीक उपकरणं चालू राहतात. आणि हो, गच्चीवरचा सोलर बंब वेगळा. तो फक्त पाणी तापवतो, वीज बनवत नाही.

मग ऑन-ग्रिड लाईट गेल्यावर बंद का पडतं? दोष नाही, ती सुरक्षेची सोय आहे. समजा खांबावर वायरमन काम करतोय. त्याने सप्लाय बंद केलाय, पण आपल्या गच्चीवरून लाईनमध्ये वीज जातेच आहे. त्याच्या जिवावर बेतेल! म्हणून लाईनमधली वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. याला 'अँटी-आयलँडिंग' म्हणतात. कारण इतकं सरळ आहे, तर ते आधी सांगायला काय हरकत होती?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' आली. लक्ष्य १ कोटी घरांचं. २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार रुपये आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान. हाउसिंग सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८ हजार. हे अनुदान लाईनला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे, नुसत्या ऑफ-ग्रिडला नाही. योजना चांगलीच आहे. पण 'मोफत वीज' ऐकल्यावर लोकांच्या डोक्यात 'अखंड वीज' बसते आणि विकणारा ती समजूत मोडत नाही. मोडली तर गिऱ्हाईक जाईल ना!

म्हणजे सगळ्यांनी हायब्रिड घ्यायचं का? माझं मत, नाही. बॅटरीने खर्च बराच वाढतो आणि बॅटरी पॅनलइतकी टिकत नाही. मधेच ती बदलायचा खर्च येतोच. शहरात जिथे वीज कधीतरी तासभर जाते, तिथे ऑन-ग्रिड पुरेसं आहे. साधारण १ किलोवॉटला १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. आमच्या ३ किलोवॉटने बिल खरंच खाली आणलंय, ते नाकारणार नाही. फक्त जोडीला दोन पंखे, दोन दिवे आणि वायफाय चालवणारा साधा इन्व्हर्टर राहू द्या. पण गावाकडे वीज रोज तासन् तास जात असेल, घरात ऑक्सिजन मशीनवरचा पेशंट असेल, किंवा विजेवर चालणारा छोटा धंदा असेल, तर हायब्रिडचा हिशोब जरूर मांडा.

माझी मागणी एकच आहे. प्रत्येक कोटेशनवर, ग्राहकाच्या सहीच्या बरोबर वर, मराठीत आणि ठळक अक्षरात एक ओळ सक्तीची करा : 'वीज गेल्यावर ही यंत्रणा चालेल / चालणार नाही.' सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो, मग लाखाच्या वर जाणाऱ्या खरेदीवर एक ओळ छापायला काय जातं?

ती ओळ येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या घरी कुणी कोटेशन घेऊन आलं, तर चहा द्या आणि पहिलाच प्रश्न विचारा, "दादा, लाईट गेल्यावर पंखा चालेल का?" उत्तर लेखी घ्या. आणि तोपर्यंत जुना इन्व्हर्टर विकू नका. आम्हाला तो परत विकत घ्यावा लागला.