पेन्शनचा सल्ला : हक्काचा की दलालीचा?

काशी आणि पेन्शन यांचा संबंध मराठी माणसाला नवा नाही. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा इंग्रजांनी बांधून दिलेल्या नेमणुकीवर काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची कन्या मणिकर्णिका, म्हणजेच पुढे झाशीची राणी झालेली लक्ष्मीबाई, हिचा जन्म याच नगरीतला. तिकडे ब्रह्मावर्ती बाजीरावाला कंपनी सरकार सालीना ८ लाख रुपये पेन्शन देत असे. १८५१ साली बाजीराव वारला आणि कंपनीने ती बंद केली. नानासाहेबाने अर्ज केले, १८५३ साली अजीमुल्ला खानाला वकील म्हणून लंडनला धाडले. पण उपयोग झाला नाही. पेन्शन बाजीरावाला जातीने दिलेली होती, वारसाचा तिच्यावर हक्क नाही, हेच कंपनीचे उत्तर राहिले.

राजेरजवाड्यांच्या पेन्शनीसाठी कामगारवर्गाने हळहळण्याचे कारण नाही. ती रयतेच्याच घामातून निघत होती. परंतु त्या प्रकरणातील बोध आजच्या श्रमिकाच्याही कामाचा आहे. मेहेरबानी म्हणून मिळालेली पेन्शन मेहेरबानाच्या मर्जीने बंद होते आणि मेहेरबानी मागणाऱ्याला मध्यस्थ धुंडाळावा लागतो. हक्क मागणाऱ्याला मध्यस्थाची गरज नसते. त्याला नियम ठाऊक असला की पुरते. निवृत्तीच्या लाभांविषयी खात्रीचा सल्ला कोठे मिळतो, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही. ज्या दिवशी कामगाराला आपला नियम समजेनासा होतो, त्या दिवसापासून त्याचा हक्क पुन्हा मेहेरबानीच्या वाटेला लागतो.

एक तारीख, दोन वर्ग

पेन्शन ही मालकाची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात ठामपणे मांडले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा तो निर्णय न्या. देसाई यांनी लिहिला. सुधारित पेन्शनचा लाभ ३१ मार्च १९७९ या तारखेपासून पुढे निवृत्त होणाऱ्यांनाच मिळेल, आधीच्यांना नाही, अशी भिंत सरकारने घातली होती. न्यायालयाने ती पाडली. निव्वळ तारखेच्या आधारे पेन्शनरांचे दोन वर्ग करता येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. आजही देशभरचे पेन्शनर १७ डिसेंबर हा आपला दिन म्हणून पाळतात.

परंतु भिंती पुन्हा उभ्या राहिल्या. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत लागलेल्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली आणि बाजाराशी बांधलेली नवी योजना आली. २०२५ च्या वित्त कायद्याने तर निवृत्तीच्या तारखेनुसार पेन्शनरांमध्ये भेद करण्याचा आपला अधिकार सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायम करून घेतला. या भिंतींमुळे पैशाचे जे नुकसान झाले, त्याची चर्चा पुष्कळ होते. आणखी एक नुकसान झाले आहे आणि त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. कामगारांनी पिढ्यान् पिढ्या साठविलेले ज्ञान त्यामुळे मोडीत निघाले.

एकाच फाटकातून बाहेर पडणारे चौघे

वाराणसीचेच उदाहरण घेऊ. येथील रेल्वे इंजिनांचा कारखाना १९५६ साली पायाभरणी होऊन उभा राहिला. १९६४ साली तेथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. २०२० पर्यंत ‘डीएलडब्ल्यू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्याचे नाव आता बनारस रेल इंजिन कारखाना आहे. एके काळी येथे कायम कामगाराला एकच नियम लागू होता. निवृत्त झालेला वडीलधारा फिटर तरुण कामगाराला सांगे : अमुक कागद सांभाळ, पत्नीचे नाव अमुक ठिकाणी नोंदव, इतक्या रकमेचे अंशराशीकरण कर. तो सल्ला फुकट होता, अनुभवाचा होता आणि खरा होता, कारण सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा नियम एकच होता.

आज तसे राहिलेले नाही. २००४ पूर्वी लागलेल्याला जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्याला नवी योजना आहे. त्यातही ज्याच्या पदाची जाहिरात २२ डिसेंबर २००३ पूर्वी निघाली होती, त्याला ३ मार्च २०२३ च्या आदेशाने जुन्या पेन्शनचा पर्याय एकदाच, आणि तोही मुदतीत अर्ज केल्यास, देण्यात आला. त्याच फाटकातून आत येणाऱ्या ठेकेदाराच्या कामगाराला यांतले काहीच लागू नाही. त्याची पेन्शन भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या योजनेतून यायची आहे. चौघे एका यंत्रावर काम करतील, एका टपरीवर चहा घेतील. पण एकाचा प्रामाणिक अनुभव दुसऱ्याला चुकीचा सल्ला ठरेल. शेजाऱ्याचा नियम तो आपला नियम नव्हे, ही आजची पहिली शिकवण आहे.

नियम नुसते वेगळे झाले नाहीत, ते चालता चालता बदलतातही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने ‘एकीकृत’ पेन्शन योजना आणली. नव्या योजनेतील सुमारे २३ लाख कर्मचाऱ्यांना या योजनेत यावे की नाही हे ठरविण्यास सांगण्यात आले. २५ वर्षे सेवा असल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि किमान १० वर्षे सेवा असल्यास दरमहा १० हजारांची हमी, एवढे सर्वांच्या कानी गेले. परंतु २५ वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला ती रक्कम लगेच नव्हे, तर नेमाने निवृत्त झाला असता त्या दिवसापासून मिळणार, ही अट किती जणांना कोणी समजावून सांगितली? मुदत आधी ३० जून होती. ती ३० सप्टेंबर झाली आणि शेवटी ३० नोव्हेंबर २०२५ झाली. दरम्यान ऑगस्टमध्ये एकीकृत योजनेतून एकदा माघारी फिरण्याची मुभाही देण्यात आली. म्हणजे जूनमध्ये ‘हा निर्णय अखेरचा’ असे जो प्रामाणिकपणे सांगत होता, त्याचा सल्ला सप्टेंबरात शिळा झाला होता.

सल्ल्याचा बाजार

जेथे सामूहिक ज्ञान मोडते तेथे दलाल उगवतो. कारखान्याबाहेर, कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात ‘पीएफ काढून देतो’ असे सांगणारे आढळतात. त्यांच्या सल्ल्याचा सर्वांत मोठा बळी ठेकेदाराचा कामगार आहे. ठेका बदलला, मालक बदलला, की त्याला सांगण्यात येते : पेन्शनचेही पैसे काढून घे. हातात काही हजार पडतात, दलालाला त्याचा वाटा मिळतो आणि त्या काळातील सेवा पुसली जाते. मासिक पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. पैसे न काढता ‘योजना प्रमाणपत्र’ घेतले, तर तुटक सेवा जोडली जाते, हे त्याला कोणी सांगत नाही, कारण ते सांगण्यात कमिशन नाही. वीस वर्षे घाम गाळूनही असा माणूस पेन्शनविना घरी जातो.

दुसरा सल्लागार हिशेब मांडून देतो, पण अर्धा. समजा, वेतन सदैव मर्यादेहून अधिक असलेला एक कामगार १८ वर्षांच्या सेवेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. सल्लागार १५,००० ला १८ ने गुणून ७० ने भागतो आणि ३,८५७ रुपये पेन्शन सांगतो. परंतु १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेस ६,५०० ची आणि नंतरच्या सेवेस १५,००० ची मर्यादा लागते. त्याची आधीची सेवा ८ वर्षांची आणि नंतरची १० वर्षांची असेल, तर पेन्शन बसते २,८८६ रुपये. दरमहा ९७१ रुपयांचा हा फरक म्हातारपणी औषधाचा फरक असतो.

तिसरा प्रकार प्रतिष्ठित कपड्यांत येतो. नव्या योजनेतील सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी साठलेल्या रकमेतील किमान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी लागते. वार्षिकी विकणाऱ्याने ‘कोणती घ्यावी’ हे सांगणे म्हणजे सल्ला नव्हे, ती विक्री होय. चौथा प्रकार उघड लुटारूंचा. हयातीचा दाखला देण्याचा हंगाम आला की पेन्शनरांना दूरध्वनी येतात, दाखला घरबसल्या करून देतो म्हणून खात्याचा तपशील आणि सांकेतिक क्रमांक मागितला जातो, आणि क्षणात बँकेचे खाते रिकामे होते. फोनवर असा क्रमांक मागणारा कधीही कचेरीचा माणूस नसतो, हे प्रत्येक वृद्धाच्या कानी घातले पाहिजे.

खात्रीचा सल्ला कसा ओळखावा

खात्रीच्या सल्ल्याच्या तीन खुणा आहेत. तो कोणत्या नियमाच्या आणि कोणत्या तारखेच्या आधारे दिला आहे, हे सांगणारा सांगू शकला पाहिजे. आपण काहीही निवडले तरी सांगणाऱ्याचा त्यात लाभ नसला पाहिजे. आणि उत्तर लेखी असले पाहिजे, कारण तोंडी उत्तराविरुद्ध दाद मागता येत नाही.

या कसोटीवर पहिले स्थान आपल्याच कागदांना आहे : सेवापुस्तिका, नेमणुकीचा आदेश, निधीचे पासबुक. मालकाने दरमहा भरणा केला की नाही, जन्मतारीख आणि वारसाचे नाव बरोबर आहे की नाही, हे निवृत्तीच्या आदल्या महिन्यात नव्हे, दरवर्षी पाहावे. दुसरे स्थान उत्तर देण्यास कायद्याने बांधलेल्या कचेरीचे. वाराणसीत भविष्य निर्वाह निधीचे क्षेत्रीय कार्यालय आहे. जानेवारी २०२३ पासून प्रत्येक महिन्याच्या २७ तारखेस जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर भरविण्याचे निधी संघटनेने ठरविले आहे. रेल्वे पेन्शनरांसाठी पेन्शन अदालती भरतात. टोलवाटोलवी झाल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे; त्यानुसार तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. तिसरे स्थान जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तींना, उत्पन्नाची अट न लावता, फुकट वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क आपल्यापैकी फार थोडे वापरतात.

तथापि कचेरीच्या सल्ल्याची मर्यादा ओळखली पाहिजे. नियम काय आहे हे कचेरी सांगेल. दोन पर्यायांपैकी कामगाराच्या हिताचा कोणता, हे ती सांगणार नाही. वाढीव पेन्शनबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ रोजी लागला तेव्हा हेच दिसले. अर्जाची मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. निधीतील किती रक्कम परत द्यावी लागेल आणि पेन्शन किती वाढेल, याचा पुरता हिशेब हाती नसतानाच लोकांना पर्याय द्यावे लागले. हिताचा हिशेब मांडणे हे कचेरीचे नव्हे, संघटनेचेच काम आहे.

संघटनेचे काम

येथे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. पेन्शनसाठी आपण मोर्चे काढले, महाराष्ट्रातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी १४ ते २० मार्च २०२३ संपावर गेले, ते योग्यच होते. पण युनियनच्या कचेरीत आठवड्यातून एक संध्याकाळ ‘कागद घेऊन या’ असे सांगणारा, अद्ययावत परिपत्रके जवळ ठेवणारा, कोणत्या गटास कोणता नियम याचा तक्ता भिंतीवर लावणारा कार्यकर्ता किती ठिकाणी आहे? निवृत्त साथींचा अनुभव आणि तरुणांचे यंत्रज्ञान यांची सांगड घातली, तर मोडलेले सामूहिक ज्ञान पुन्हा उभे राहू शकते. त्या टेबलावर ठेका कामगाराला कायम कामगाराइतकेच स्थान असले पाहिजे. त्याचे नुकसान अधिक आहे आणि त्याला सांगणारे कोणी नाही.

शेवटी, ज्यांच्याजवळ दाखविण्यास कागदच नाही त्यांचा प्रश्न उरतो. मदनपुरा आणि अलईपुऱ्यातील विणकर बनारसी शालू विणता विणता म्हातारा होतो; पण गद्दीदाराच्या वहीत तो मालकाचा कामगार म्हणून कोठेच नाही. २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना चाळिशीपर्यंतच्यांनाच प्रवेश देते. पन्नाशीच्या विणकराला प्रामाणिक सल्लागार काय सांगणार? साठीनंतर वृद्धापकाळ पेन्शनचा अर्ज कर, एवढेच. त्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ऐंशीच्या आतील वृद्धास दरमहा २०० रुपये आहे. सोलापूरची विडी कामगार स्त्री निधीची सभासद असली तरी किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवरच थांबलेली तिला दिसते. येथे सल्ला कितीही खरा असला तरी तो अपुरा पडतो, कारण येथे हक्कच अपुरा आहे.

म्हणून दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील. असलेला हक्क एका पैशानेही बुडू नये यासाठी सल्ल्याचे टेबल मांडावयाचे आणि नसलेला हक्क मिळविण्यासाठी लढा उभारावयाचा. टेबलाशी आलेला माणूस आपली नड घेऊन येतो. आपल्यासारखे आणखी शेकडो आहेत हे तेथे त्याला कळले, की तो सभेला येतो. नानासाहेबाला लंडनला वकील धाडावा लागला आणि तो रिकाम्या हाताने परतला. आपल्या कामगाराला आपल्या युनियनच्या कचेरीपर्यंत चालत यावे लागते. तो तेथे येईल त्या संध्याकाळी कचेरी उघडी असली पाहिजे आणि आत नियम वाचलेला माणूस बसलेला असला पाहिजे.