मुखपृष्ठावरील नायिका

तुळजापूर मुक्कामी एका स्नेह्यांच्या वाड्यात परवा मुलांसाठी जुनी पेटी उघडली गेली. तीत, 1967 साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' मालेची पुष्कळ पुस्तके निघाली. ती ओळीने मांडताच आम्हांस मुखपृष्ठांवरील स्त्रियांचे चार साचे दिसले: यमास न सोडणारी पतिव्रता, हरिणांत रमलेली तपोवनकन्या, भजनात तल्लीन विरागिनी आणि खड्गधारिणी राणी.

चांदबिबी चौथ्या वर्गातली. घरातील एका मुलीने विचारले, "काका, लढाई नसे तेव्हा ही काय करीत असे?"

प्रश्न मार्मिक खरा. 1595-96 च्या वेढ्यात तिने अहमदनगर राखले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यापूर्वी, 1580 साली नऊ वर्षांचा इब्राहिम आदिलशहा गादीवर आला, तेव्हा त्याची पालनकर्ती म्हणून विजापूरचा कारभार तिनेच पाहिला. येथून जवळच्या नळदुर्गातील पाणीमहाल 1613 साली बांधविणारा तो हाच इब्राहिम!

चित्रकारास दोष देण्याचे कारण नाही. एका पानावर एकच क्षण मावतो. तलवार रंगविता येते, कारभाराची वर्षे रंगविता येत नाहीत. पण मुलींच्या मनावर प्रथम ठसते ते मुखपृष्ठच. त्याग करावा किंवा खड्ग उपसावे, तरच स्त्री स्मरणीय, असा त्यांचा ग्रह होऊ नये. उरलेली वर्षे सांगणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम होय. पुस्तक हाती देताना वाचकांनी तेवढे अवश्य करावे.