आधी बोला, मग सुई टोचा

प्रोस्टेटच्या कर्करोगावरून दोन पक्ष वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. एक म्हणतो, पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाची पीएसए ही रक्तचाचणी करा. दुसरा म्हणतो, काही त्रास नसेल तर कोणाचीच करू नका. ज्याचं रक्त काढायचं त्याला विचारण्याची गरज मात्र दोघांनाही वाटत नाही. माझं भांडण या एकमताशी आहे.

‘साधी रक्ताची चाचणी, त्यात बिघडतं काय?’ हा पहिल्या पक्षाचा बिनतोड वाटणारा सवाल. रक्त काढण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते आकडा हाती आल्यावर. वयोमानाने वाढलेली ग्रंथी, तिचा दाह, लघवीचा संसर्ग यांनीही पीएसए वाढतो. उलट तो चार या रूढ मर्यादेच्या आत असूनही कर्करोग निघू शकतो. आकडा वाढला की एमआरआय, बायोप्सी आणि निदान झालंच तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार ही साखळी सुरू होते. त्यातून काहींचा लघवीवरचा ताबा जातो, काहींची लैंगिक क्षमता. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात 1,643 रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले, काहींवर नुसती नजर ठेवली. 15 वर्षांनी पाहिलं, तर या कर्करोगाने दगावलेले तिन्ही गटांत मिळून सुमारे 3 टक्के होते आणि गटागटांत लक्षणीय फरक नव्हता.

मग दुसरा पक्ष खरा का? तोही नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2012मध्ये ही तपासणी सरसकट नाकारली. पण युरोपातल्या मोठ्या अभ्यासात 23 वर्षांनंतर, तपासणीला बोलावलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी आढळले. 456 पुरुषांना बोलावल्यामागे एक मृत्यू टळला. लाभ लहान आहे, पण खरा आहे. टास्क फोर्सनेही 2018मध्ये भूमिका बदलली: 55 ते 69 वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी लाभ-हानी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीनंतर तपासणी नको.

यावर आणखी एक आक्षेप येतो: ‘बोलून काय होणार? पेशंट शेवटी डॉक्टर सांगतील तेच करतो.’ पण मुळात बोलणं होतं तरी कुठे? अमेरिकेतल्या 50 ते 74 वयाच्या पुरुषांचं 2010चं सर्वेक्षण पाहा. फायदे, तोटे, अनिश्चितता यांपैकी कशावरच डॉक्टर बोलले नाहीत, असं 64 टक्क्यांनी सांगितलं. तिन्हींवर बोलणं झालेले अवघे 8 टक्के. चाचणी न केलेल्यांपैकी 88 टक्क्यांशी कोणी काही बोललंच नव्हतं; वारंवार चाचणी केलेल्यांतही हे प्रमाण 40 टक्क्यांच्या जवळपास होतं. बोलण्यामुळेच चाचणी झाली, असं यातून सिद्ध होत नाही. चाचणी करायची म्हणूनही विषय निघाला असेल. पण चाचणी न केलेल्या बहुतेकांनी ती विचारपूर्वक नाकारली नव्हती, एवढं उघड आहे. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. शिवाय धोका सगळ्यांना सारखा नसतो: अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा या कर्करोगाने होणारा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. तिथे डॉक्टरांचं गप्प राहणं तटस्थ कसं म्हणायचं?

म्हणून माझा पक्ष असा की, संवाद ही चाचणीआधीची औपचारिकता नव्हे, तो चाचणीचाच भाग आहे. वडिलांना किंवा भावाला हा आजार होता का? पीएसए जवळपास निम्म्यावर आणणारी फिनास्टेराइडसारखी गोळी चालू आहे का? कर्करोग सापडला तरी लगेच कापाकापी न करता नजर ठेवता येते, हे ठाऊक आहे का? आणि मुख्य म्हणजे, जास्त भीती कशाची वाटते: आजार निसटण्याची, की उपचारांचे परिणाम जन्मभर भोगण्याची? याचं उत्तर कोणत्याच लॅबमध्ये मिळत नाही. एकाच वयाचे दोन पुरुष उलट निर्णय घेतील आणि दोघेही बरोबर असतील.

आपल्याकडे तर ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमधून पीएसए परस्पर होऊन जातो आणि डॉक्टर भेटण्याआधी रिपोर्ट मोबाइलवर येतो. निवड केली कोणी? पॅकेज बनवणाऱ्याने. लघवीत रक्त किंवा अडथळा असेल, तर ही चर्चा लागू नाही. तडक डॉक्टर गाठावा. पण धडधाकट माणसाच्या चिठ्ठीवर पीएसए लिहिण्याआधी डॉक्टरांनी पाच मिनिटं द्यावीत, आणि ती मिळाली नाहीत तर पेशंटने मागून घ्यावीत. जिथे शास्त्राने निर्णय माणसावर सोपवला आहे, तिथे त्याला न विचारता चाचणी करणं जितकं चूक, तितकंच न विचारता ती टाळणंही.